केसाने गळा

गाठ या वस्तूशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. सुरगाठ मारायला जावं तर निरगाठ बसते, आणि चांगली निरगाठ मारून निर्धास्त व्हावं तर ती भर रस्त्यात सुटते. पायजम्याच्या नाडीपायी रात्री दोन वाजता कात्री शोधायची वेळ माझ्यावर जितक्या वेळा आली असेल, तितकी कुठल्याही संसारी गृहस्थावर आली नसेल. प्रवासाला निघताना बोचक्याला दोरी बांधायची ती हिने, रद्दीचा गठ्ठा बांधायचा तोही हिने. माझ्या नावावर जमा असलेली अन् शेहेचाळीस वर्षं टिकलेली गाठ एकच. तीही भटजींनी मारली होती.

अशा माणसावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी इंग्लंडात बसून माशाचा गळ बांधायला शिकण्याची पाळी आली.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव गेली अकरा वर्षं इंग्लंडात असतात. गावाचं नाव रेडिंग. लिहिताना ते 'रीडिंग' असं लिहितात आणि वाचताना 'रेडिंग' असं वाचतात. ज्या गावाला स्वतःचं नाव लिहिल्यासारखं वाचता येत नाही, त्याने 'वाचन' असं नाव तरी कशाला घ्यावं? असो. आम्ही उभयता तिथे दोन महिन्यांसाठी गेलो होतो. सामानात बेसनाचे लाडू होते, कोकमं होती, कुळथाचं पीठ होतं. आणि हिलाही न सांगता बॅगेच्या तळाशी मी एक कागद ठेवला होता. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघालाय, त्याचं क्षेत्रफळ, भाव, सगळं त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

माझा बेत सरळ होता. चिरंजीवांना परत यायची गळ घालायची. पण ती घालायची अशी, की गळ घातली आहे हे त्याला कळताच कामा नये.

पहिल्या दिवशी मी लाडवांबरोबर सहज फ्लॅटचा विषय काढला. "हं," चिरंजीव म्हणाले. तिसऱ्या दिवशी डोंबिवलीचं हवामान हल्ली किती सुधारलंय, हे सांगितलं. (हे वाक्य बोलताना माझी जीभ अडखळली, पण मी रेटलं.) पुढच्या आठवड्यात त्याच्या शाळासोबत्यांपैकी कोण कोण परत आलं, कोणाच्या गाड्या केवढ्या लांब आहेत, याची यादी वाचली. चिरंजीव ऐकून घेत, "हं" म्हणत, आणि लाडू घेऊन आपल्या खोलीत कामाला बसत. लाडू संपत आले तरी मासा काही लागेना.

तिसऱ्या शनिवारी सकाळी उठून पाहतो तो जेवणाच्या टेबलावर सोनाराचं दुकान मांडलेलं. बारीक कात्र्या, सुया, चिमटे, दोऱ्यांची रिळं, शिशाचे तुकडे आणि चिमुकल्या डब्यांत गळ.

"बाबा, उद्या तळ्यावर येता?" चिरंजीव म्हणाले. "कार्प धरायला."

आता मी मूळचा मालवणकडचा. कर्लीच्या खाडीकाठी माझं लहानपण गेलं. गोड्या पाण्यातल्या माशाला आमच्याकडे मासा म्हणत नाहीत. पाण्यातली भाजी म्हणतात. त्यातून हा कार्प म्हणजे आपल्याकडे धरणातून बाजारात येतो तो सायप्रिनस. तो मूळचा आपला नव्हे. १९३९ साली त्याची एक जात निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडली, १९५७ साली दुसरी बँकॉकहून आणली, आणि मग तो देशभर पसरला. मार्केटात हिने त्याच्याकडे पाहून नाक मुरडलेलं मी कित्येकदा पाहिलंय. त्याच्यासाठी ही एवढी सरबराई!

तरी मी बसलो. कारण गरवणं मला येत होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खाडीवर नेऊन शिकवलं होतं. बांबूची काठी, सुताची दोरी, आणि गरीवर कोळंबीचा तुकडा असा ओवायचा, की लोखंड कुठून म्हणून दिसणार नाही. "टोक दिसाक नको हां!" एवढंच अण्णांचं मत्स्यशास्त्र. त्यावर आम्ही शेंगट्या धरल्या, काळुंदरं धरली.

म्हणून चिरंजीवांनी जेव्हा आपला गळ बांधून माझ्यापुढे धरला, तेव्हा मला हसूच आलं. गळ उघडा. साफ उघडा! आमिषाची गोळी त्याच्या खाली, वेगळ्याच एका दोऱ्याला लोंबत होती. दोघांचा संबंध फक्त शेजाऱ्याचा.

"अरे, टोक दिसतंय!" मी म्हणालो.

"दिसायलाच पाहिजे," तो म्हणाला. "याला हेअर रिग म्हणतात."

मग त्याने सांगितलं ते असं. कार्पला हात नसतात. एखादी वस्तू खाण्याजोगी आहे की नाही हे ठरवायचं तर ती तोंडातच घ्यावी लागते, रांगत्या मुलासारखी. त्याच्या तोंडात दात नाहीत. असतात ते आत घशात. म्हणून तो वस्तू आधी पाण्याबरोबर ओढून घेतो, चाचपतो, आणि संशय आला की फुर्रकन थुंकून टाकतो. आमिषाच्या पोटात गळ लपवला की त्याचं वजन वाढतं आणि दोरीच्या ताणाने ते वेगळंच हलतं. म्हाताऱ्या कार्पला ते बरोबर कळतं. इंग्लंडातले हे मासे पुन्हा पुन्हा धरून सोडलेले असतात, त्यामुळे सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाइतके ते अनुभवी असतात.

१९८० च्या सुमाराला लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी टाकीतल्या कार्पांना खाताना पाहिलं. सुटं आमिष मासे खुशाल खात. गळावरचं थुंकून देत. तेव्हा त्यांनी आमिष गळावर न लावता, गळाला एक केस बांधून त्या केसाला लावलं. केस म्हणजे खराखुरा, माणसाच्या डोक्यावरचा. केसाच्या सैलपणामुळे गोळी मोकळी असल्यासारखी तोंडात शिरते, आणि मागोमाग गळ. मासा थुंकायला जातो तेव्हा गोळी बाहेर येते, पण गळ मागे रेंगाळतो आणि खालच्या ओठाला लागतो. १९८१ साली मॅडॉक्सचं 'कार्प फीवर' हे पुस्तक आलं आणि ही युक्ती तळ्यातळ्यावर पोचली. आता केसाच्या जागी दोरा आला. नाव मात्र केसाचंच राहिलं.

मी थक्क झालो. केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार आमच्या भाषेत पूर्वापार आहे, पण त्यावरून मासा धरावा हे एकाही मराठी माणसाला सुचू नये?

मग शिकवणी सुरू झाली. पहिला धडा आकड्यांचा. गळांना नंबर असतात. सहा नंबरचा गळ आठ नंबरपेक्षा मोठा आणि दहा नंबरचा त्याहून बारका. आकडा वाढला की ऐपत कमी. नोकरीत क्लास वन आणि क्लास फोर असतात, तसंच हे. म्हणून चटकन लक्षात राहिलं.

दुसरा धडा गाठींचा. इथे माझी छाती धडधडू लागली.

गळाच्या डोक्याला सुईसारखं नेढं असतं, त्यात दोरी बांधायची. त्यासाठी गाठी अनेक. एक 'हाफ ब्लड' म्हणून आहे. नेढ्यातून दोरी ओवून तिचे स्वतःभोवतीच पाच-सहा पीळ द्यायचे आणि टोक मागे आणून नेढ्याजवळच्या फटीत घालायचं. जुनी, सर्वांना येणारी, पण दोरा गुळगुळीत असला की सरकणारी. दुसरी 'ग्रिनर'. हिच्यात दोरीचा फास करून त्या फासाच्या आतून वेढे घ्यायचे. भरवशाची. तिसरी 'पालोमार'. दोरी दुहेरी करून नेढ्यातून काढायची, तिची साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा गळ पलीकडे काढायचा आणि ओढायचं. ही गाठ मला चक्क पहिल्या झटक्यात जमली! मी आनंदाने हिला हाक मारली. हिने येऊन पाहिलं आणि "अहो, ही तर मी रद्दीला मारते तशीच दिसतेय," म्हणून निघून गेली.

पण केसासाठी जी गाठ लागते तिचं नाव 'नॉटलेस नॉट', म्हणजे बिनगाठीची गाठ. असलं वेदान्ती नाव इंग्रजांना कुठून सुचलं कोण जाणे. वीतभर दोरा घ्यायचा. एका टोकाला छोटा फास करायचा, त्यात गोळी ओवायची. गोळीला ते 'बॉइली' म्हणतात. पीठ, रवा, दुधाची भुकटी, अंडी कालवून उकडलेला लाडूच तो. मग दोऱ्याचं दुसरं टोक गळाच्या पाठीकडून नेढ्यात ओवायचं, गोळी गळाच्या वाकाखाली बोटाच्या पेराएवढी सुद्धा नाही इतकी लोंबती ठेवायची, आणि बोटाने केस दांडीवर दाबून धरून टोकाचे सात-आठ वेढे दांडीभोवती घट्ट शेजारी शेजारी द्यायचे. शेवटी तेच टोक पुन्हा नेढ्यातून काढायचं, पाठीकडून पोटाकडे. झालं. गाठ म्हणून कुठे नाहीच, नुसत्या वेढ्यांच्या घट्टपणावर सगळा कारभार. पण शेवटी दिशा चुकली तर गळ वेळेवर वळत नाही आणि सगळं मुसळ केरात.

माझी दिशा चुकली. मग वेढे सुटले. मग केस इतका आखूड झाला की गोळी गळाला चिकटून बसली, आणि पुढच्या खेपेला इतका लांब की गोळी रेडिंगला तर गळ लंडनला. चिरंजीव न रागावता पुन्हा पुन्हा दाखवत होते. पंचवीस वर्षांपूर्वी त्याला बुटाची नाडी बांधायला मी शिकवत होतो म्हणे. मी तितका शांत नव्हतो, असं आतून कोणीतरी म्हणालं. ही असणार.

"ओढायच्या आधी थुंकी लावा," तो म्हणाला. "कोरडी ओढली की घासून दोरी तापते आणि कच्ची होते. तुटते ती नेहमी गाठीपाशीच."

थुंकी लावण्यात मात्र मी तरबेज. पस्तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो.

अकराव्या खेपेला जमलं. बरोबर झालंय का हे पाहायला गळ तळहातावरून अलगद ओढायचा असतो. बरोबर बांधला असेल तर तो आपोआप वळून कातडीला धरतो. मी ओढला. त्याने धरलं. माझ्या हेअर रिगला लागलेला पहिला प्राणी म्हणजे मी. सुदैवाने त्या तळ्यावर उलटा काटा नसलेलेच गळ चालतात, म्हणून मी पटकन सुटलो. सूनबाईंनी औषध लावलं आणि कात्र्या उचलून वर ठेवल्या.

पण माझ्या डोक्यात तो खराखुरा केस घोळत होता. रात्री मी हिला म्हणालो, "तुझा एक केस देतेस?"

"कशाला?"

"माशासाठी."

"आयुष्यभर मेहनत घेऊन पांढरे केलेत," ही म्हणाली, "आता उरलेत ते माशांना घाला." पण फणीतला एक लांब केस काढून तिने हातावर ठेवला. पूर्वी तिच्या वेणीची जाडी माझ्या मनगटाएवढी होती. तो केस मी पाकिटात जपून ठेवला. असली गोष्ट मी लग्न ठरलं तेव्हाही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर. खडी काढून काढून पडलेल्या खड्ड्यात पाणी भरून झालेलं तळं, पण भोवती झाडं अशी की निसर्गानेच खणलंय असं वाटावं. मासे धरायला इथे सरकारी परवाना लागतो. म्हाताऱ्यांना सवलत आहे. चिरंजीवांनी तीन औंसाचं शिसं लावून आपले दोन गळ झुपकन लांब फेकले आणि काठ्या विजेच्या घंटीवर टेकवल्या. माझा केस फेकाफेक सोसणारा नव्हता. म्हणून त्याने एका काठीचा गळ मी काठाशीच, लव्हाळ्याच्या कडेला, हळूच खाली सोडला. गोळी केसावर अडकवायला गवताची काडी लावली होती.

मग बसलो. एक तास. दोन तास. घरात समोरासमोर बसलं की बोलायचं काय हा प्रश्न पडतो. तळ्यावर दोघेही पाण्याकडे पाहत असतात, त्यामुळे न बोलणंही शोभून दिसतं. थर्मासमधला चहा झाला. उरलेला शेवटचा लाडू अर्धा-अर्धा झाला. तो हातात घेऊन मी म्हणालो, "तो खालचा फ्लॅट…"

चिरंजीव हसले. "बाबा, तीन आठवडे झाले. टोक दिसतंय."

मला काय बोलावं सुचेना. अण्णा आठवले. मी मुंबईला नोकरीला लागलो तेव्हा त्यांचं दर पंधरवड्याला कार्ड यायचं. गाय व्यायली, कौलं बदलली, यंदा फणस भरपूर. एकदाही 'ये' असं लिहिलं नाही. आणि प्रत्येक कार्डातून मला ते टोक बोचायचं, आणि मी ते थुंकून टाकून पुन्हा लोकल पकडायचो.

"मग सरळच सांगतो," मी म्हणालो. "गेल्या श्रावणात एका रात्री तुझ्या आईला दम लागला. पाऊस मुसळधार. रिक्षा मिळेना. शेजारच्यांना उठवून त्यांच्या गाडीतून नेलं. चार दिवस ठेवलं होतं. आता बरी आहे. पण त्या रात्री जिन्यात उभा असताना मला वाटलं, तू जवळ असायला हवा होतास. बस. एवढंच आहे. फ्लॅट-बिट काही नाही."

बराच वेळ तो पाण्याकडे पाहत राहिला.

"हे मला सांगितलं नाहीत."

"तू काळजी करशील म्हणून."

"आणि फ्लॅटचा भाव सांगितलात!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढे म्हणाला, "बाबा, लगेच नाही जमणार. केव्हा जमेल तेही माहीत नाही. पण उगीच 'हं' नाही म्हणणार आता."

तेवढ्यात माझ्या रिळाने अशी काही किंकाळी फोडली, की मी चहाचा पेला तळ्याला अर्पण केला. काठी वाकली. चिरंजीव ओरडू लागले, "ओढू नका! जाऊ द्या! सैल सोडा! आता धरा!" एकाच दमात इतक्या परस्परविरोधी सूचना मी लग्नानंतर प्रथमच ऐकत होतो. पंधरा मिनिटं तो मासा मला काठावरून हिंडवत होता. शेवटी जाळ्यात आला. सोनेरी, थोराड, ओठाशी मिशा, आपल्या हेडक्लार्कसारखा चेहरा. गळ खालच्या ओठाला बरोबर मधोमध. केस तुटून गेला होता.

वजन चौदा पौंड, म्हणजे सहा किलोंच्या वर. गोडा असो की खारा, सहा किलो म्हणजे सहा किलो! माझ्या मनाने आपोआप तुकड्या पाडायला सुरुवात केली. पण तळ्याचा नियम असा की मासा परत सोडायचा. त्याला ओल्या गादीवर निजवला, गळ काढला, ओठाला औषध लावलं. (माझ्या हाताला लावलं होतं त्यापेक्षा जास्त.) मग दोघांनी मिळून पाण्यात धरला. तो लगेच गेला नाही. क्षणभर आमच्या हातांतच कल्ले हलवत राहिला, आणि मग शेपटीचा एक फटका मारून, मला नखशिखांत भिजवून गेला.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय मिळालं?"

"चौदा पौंड. तुझ्या केसावर."

"कुठाय?"

"सोडला."

हिने कपाळावर हात मारला. "माझा केसही गेला आणि मासाही गेला. तुमच्या हातात काही टिकायचं नाही." मग चिरंजीवांनी तिला जवळ घेऊन दमाचं विचारलं, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कात्र्या आवरायला वर गेलो.

आम्ही परत आलो. खालचा फ्लॅट एका अनोळखी कुटुंबाने घेतला; त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी तबला बडवतो. चिरंजीवांचा फोन पूर्वी रविवारी यायचा. आता बुधवारीही येतो. आधी आईला विचारतो, आणि मग मला विचारतो, कारण ती खोटं सांगते हे त्याला ठाऊक आहे. मी जे असेल ते सांगतो. दिवाळीला तीन आठवडे येणार आहे. 'तीनच?' असं तोंडावर आलं होतं. ते मी लपवलं नाही. "तीनच?" असं उघड विचारलं. "तीनच," तो उघड म्हणाला. दोघांनाही बरं वाटलं.

बिनगाठीची गाठ मला अजून येते. पालोमारही येते. परवा पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसली तेव्हा मात्र दोन्हींचा काही उपयोग झाला नाही. रात्री दोन वाजता ही उठली, कात्री आणून दिली आणि अर्धवट झोपेत म्हणाली, "ओढायच्या आधी थुंकी लावायची ना?"